रेट डॉक्टरचा, व्हॉल्यूम आपला

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागलं तेव्हा मला इंजेक्शनची भीती नव्हती, पंपाची होती. सलाईनची चकती फिरवून थेंब मोजणं लॅबमध्ये घोटून घेतलेलं होतं. वीस थेंबांचा एक मिली, लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये साठ थेंबांचा एक, हे झोपेतही सांगितलं असतं. इन्फ्युजन पंप, म्हणजे ठरवलेल्या वेगाने सलाईन ढकलणारं यंत्र, मात्र मी एकदाच पाहिला होता, तोही वर्गातल्या मुलींच्या खांद्यांवरून डोकावून.

घर गोव्यात साखळीला. पहाटेच्या कदंब बसमध्ये बसून वहीतली सूत्रं चाळत यायचं आणि वॉर्डात शिरलं की सगळं विसरायचं, असे ते दिवस. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही, कारण चूक माझी होती.

सत्तरीतल्या एक आजी होत्या, उलट्या-जुलाबांनी गळून गेलेल्या. केस शीटवर लिहिलेलं, आरएलचा (रिंगर लॅक्टेट सलाईनचा) एक पाइंट, म्हणजे पाचशे मिलीची बॅग, चार तासांत. पाचशे भागिले चार म्हणजे तासाला १२५ मिली. मी हा रेट, म्हणजे तासाचा वेग, पंपात टाकला, स्टाफ सिस्टरना दाखवला, त्यांनी मान डोलावली. खाली व्हीटीबीआय असं लिहिलेल्या ठिकाणी १००० दिसत होतं. तो आधीच्या पेशंटचा आकडा होता. काही पंप बंद करून पुन्हा चालू केले तरी जुने आकडे धरून बसतात, हे मला ठाऊक नव्हतं. रेट बरोबर आहे ना, मग झालं, असं समजून मी स्टार्ट दाबलं.

चार तासांनी पाचशे संपले. पंपाच्या हिशोबाने अजून पाचशे जायचे होते, म्हणून तो थांबला नाही. बॅग रिकामी, चेंबर रिकामं, नळीत हवा. हवा सेन्सरपाशी पोचली तेव्हा कुठे तो किंचाळला. आजी म्हणाल्या, "गो बाय, हें कित्याक वाजता?" हवा पेशंटपर्यंत गेली नाही, तेवढं पंपाने सांभाळलं. पण सेट (नळी) काढून पुन्हा प्राइम करेपर्यंत, म्हणजे हवा काढून पाण्याने भरेपर्यंत, कॅन्युलात (शिरेतल्या सुईत) रक्त गोठलं आणि आजींना नवी सुई टोचावी लागली. त्यांच्या शिरा दोरीसारख्या वर दिसायच्या आणि सुई लावली की निसटायच्या. दोनदा टोचलं.

इन्चार्ज सिस्टर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "रेट डॉक्टर लिहून देतात. व्हॉल्यूम कुणी लिहून देत नाही, तो तुझा." आज नव्या मुलींना मी पंपाबद्दल पहिलं हेच सांगते. व्हीटीबीआय म्हणजे 'व्हॉल्यूम टू बी इन्फ्यूज्ड', अजून जायचं असलेलं पाणी. पण व्यवहारात तो आकडा पंपाला एकच गोष्ट सांगतो: एवढं गेलं की थांब आणि मला हाक मार. बॅगेत किती आहे हे बहुतेक पंपांना कळतच नाही.

म्हणून पाचशेच्या पाइंटला मी ४८० टाकते. ४८० मिली १२५ च्या रेटने गेले की सुमारे तीन तास पन्नास मिनिटं होतात. बॅगेत बोटभर पाणी आणि नळी भरलेली असतानाच पंप बोलावतो. व्हॉल्यूम संपल्यावर बरेच पंप पूर्ण बंद न होता केव्हीओवर ('कीप व्हेन ओपन') जातात, म्हणजे शीर उघडी राहावी इतकंच, तासाला दोन-चार मिली. पुढचा पाइंट आणून लावायला तेवढी उसंत पुरते. केव्हीओचा आकडा पंपागणिक बदलतो, आपल्या वॉर्डातल्या पंपाचा बघून ठेवा.

अँटिबायोटिकला मात्र हे वीस मिली मागे ठेवू नका. शंभर मिली एनएसमध्ये (नॉर्मल सलाईनमध्ये) दहा मिली औषध घातलंत तर एकशे दहा झाले. अर्ध्या तासात द्यायचं असेल तर रेट २२०, आणि व्हॉल्यूमही पूर्ण ११०, कारण शेवटच्या वीस मिलीतही औषध आहे. नळीत उरलेलं साध्या एनएसने पुढे ढकलायचं. इथे नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे 'तीस मिनिटं' वाचून रेटमध्ये ३० टाकणं. रेट नेहमी तासाचा असतो. अर्ध्या तासाचं औषध मग साडेतीन तासांहून जास्त रेंगाळतं आणि पुढच्या डोसची वेळ बोंबलते.

मुलांच्या वॉर्डात व्हॉल्यूम मुद्दाम लहान ठेवतात. चौदा किलोच्या मुलाला वजनावरून तासाचं पाणी ठरवणाऱ्या चार-दोन-एकच्या नियमाने तासाला ४८ मिली येतात: पहिल्या दहा किलोंना चारच्या हिशोबाने चाळीस, वरच्या चारांना दोनच्या हिशोबाने आठ. तिथे बॅग पाचशेची असली तरी व्हॉल्यूम ४८ किंवा फार तर ९६. रेटमध्ये काही गोंधळ झालाच तरी एवढ्याशा मुलाच्या अंगात पूर्ण बॅग जाणार नाही. दर तासा-दोन तासांनी उठून जावं लागतं, पण त्या फेरीत हातही बघून होतो. तो बघायलाच हवा. सुई शिरेबाहेर सरकून हात सुजायला लागला तरी पंप पुष्कळदा निमूटपणे पाणी ढकलत राहतो.

आता टिंबाचं. कीपॅडवर १२.५ आणि १२५ यांच्यात एका टिंबाचं अंतर आणि औषधात दहापटीचं. यावर माझा उपाय घरगुती आहे. स्टार्ट दाबण्याआधी आकडा मराठीत मोठ्याने म्हणायचा. 'साडेबारा' आणि 'सव्वाशे' यांची गल्लत जिभेला करताच येत नाही. हँडओव्हरला मात्र हे चालत नाही. केरळहून आलेल्या मैत्रिणीला मी एकदा "सव्वाशेने चालू आहे" म्हटलं आणि तिने वहीत शंभर लिहिलं. तेव्हापासून तिच्याशी वन टू फाइव्ह, आणि स्वतःशी सव्वाशे.

पोटॅशियम, इन्सुलिन, हेपॅरिन किंवा बीपी वाढवणाऱ्या औषधांचा पंप असेल तर एकटीने हात लावू नका. दुसऱ्या सिस्टरने आपला आकडा न बघता स्वतंत्र हिशोब करायचा आणि मग दोन्ही जुळवायचे. नुसतं "बरोबर आहे ना?" विचारलं की दमलेला माणूस हो म्हणतो. मला त्या दिवशी हो मिळालंच होतं.

सेट पंपातून काढताना आधी रोलर क्लॅम्प बंद. हे चुकलं तर उरलेली बॅग धबधब्यासारखी आत जाते. ऑक्लूजनचा, म्हणजे नळीत अडथळा आल्याचा, अलार्म वाजला आणि पेशंटचा दुमडलेला हात कारण निघालं, तर हात घाईने सरळ करू नका, कारण नळीत दाबून साठलेलं औषध एकदम शिरेत जाऊ शकतं. आधी पंप थांबवा, सिस्टरना बोलवा. आणि पावसाळ्यात वायर भिंतीत खोचलेली आहे ना ते बघा. वीज गेल्यावर जुन्या पंपाची बॅटरी किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो.

पंप लावला तरी बॅगेवर कागदी टेपची उभी पट्टी चिकटवून दर तासाची खूण मी आजही करते. मार्कर थेट प्लास्टिकवर चालवत नाही. पट्टी आणि पंपाचा पडदा यांचं जमत नसेल तर मी पट्टीचं ऐकते आणि पंप तपासायला देते.

ड्यूटी संपताना पंपावरचा एकूण गेलेला आकडा पुसायचा असतो, नाहीतर सकाळचं पाणी दुपारच्या चार्टमध्येही मोजलं जातं. पण आधी तो इनटेक-आउटपुट चार्टवर उतरवा, मग पुसा. मी एकदा उलट केलं आणि पट्टीवरच्या खुणा मोजत बसले. दोनची बस तोवर निघून गेली होती.