स्प्रिंटच्या आढाव्यात थट्टेला जागा कशी द्यावी

अजाइल पद्धतीने, म्हणजे सॉफ्टवेअरचे काम स्प्रिंट नावाच्या छोट्या ठरावीक टप्प्यांत करणाऱ्या गटात "काही नवे सुचवा" असे म्हटले की बहुतेकांच्या माना वहीत जातात, कारण आपली कल्पना खुळचट ठरेल ही धास्ती प्रत्येकाला असते. ही धास्ती थट्टेने सैल होते. मात्र थट्टेची वेळ आणि रोख आधी ठरवावा लागतो.

रोजच्या पंधरा मिनिटांच्या उभ्या बैठकीत हा प्रयोग करू नये, तिथे वेळ पुरत नाही. स्प्रिंटच्या शेवटी होणारी रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आपण काम कसे केले याचा आढावा घेणारी बैठक त्यासाठी योग्य असून, महिन्याच्या स्प्रिंटसाठी स्क्रम या अजाइल कार्यचौकटीत तिला कमाल तीन तास दिलेले आहेत. त्यांतील पहिली वीस मिनिटे पुरेशी होतात.

या वेळात प्रश्न उलटा विचारावा. समजा, सांगलीतील एखादा गट हळदीच्या सौद्यांसाठी ॲप तयार करत आहे. "शेतकऱ्याला हिशेबपट्टी लवकर कशी मिळेल?" याऐवजी "ती त्याला कधीच मिळू नये म्हणून काय करता येईल?" असे विचारावे आणि प्रत्येकाने उत्तर चिठ्ठीवर लिहावे. आकडे मुंगीएवढे छापू, पट्टी फक्त इंग्रजीत पाठवू, रेंज गेली की सगळी माहिती पुन्हा भरायला लावू, अशी उत्तरे भराभर येतात. मग एखादा हळूच म्हणतो, "हे शेवटचे तर आपण करूनच ठेवले आहे." हशा पिकतो आणि खरे काम तिथूनच सुरू होते. प्रत्येक चिठ्ठी उलटी करून वाचावी, त्यातील एक-दोन उपाय बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत घ्यावेत आणि ते कोण करणार हेही तिथेच ठरवावे. बाकीच्या चिठ्ठ्या खुशाल टाकून द्याव्यात.

रोखाबाबत तमाशातला सोंगाड्या चांगला गुरू आहे, कारण तो वगात राजाचीही टोपी उडवतो. गटातही सुरुवात प्रमुखाने स्वतःच्या एखाद्या फसलेल्या निर्णयापासून करावी. नवख्याचे इंग्रजी, कुणाची बोली, गाव किंवा जात हे विषय पूर्ण वर्ज्य मानावेत. अशी एक कोटी झाली तरी तो माणूस पुढचे कित्येक स्प्रिंट तोंड उघडत नाही. पुण्याहून व्हिडिओवर जोडलेल्या सहकाऱ्यांना खोलीतली कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या आधी वाचाव्यात.

सर्व्हर नुकताच कोसळला असेल किंवा ग्राहक संतापलेला असेल, तर त्या दिवशी हा खेळ सोडून सरळ आढावा घ्यावा.