पाण्यातील रंग शोषणारे सच्छिद्र मणी: तयार करण्याची व पारखण्याची रीत

विरघळलेला सेंद्रिय रंग गाळणकागदातून पाण्याबरोबर निघून जातो. त्याला धरून ठेवायला भरपूर पृष्ठभाग लागतो. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला साधारण ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, पण त्याची भुकटी पाण्यातून परत काढणे जिकिरीचे असल्याने ती अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणारा, कॅल्शियममुळे घट्ट जेल बनणारा पदार्थ) बांधून घ्यावी.

१०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट सतत ढवळत, भुरभुरत विरघळवावे. एकदम टाकल्यास गुठळ्या होतात. त्यात १ ग्रॅम बारीक सक्रिय कोळसा मिसळून बुडबुडे निघेपर्यंत मिश्रण तसेच ठेवावे, कारण अडकलेल्या हवेमुळे मणी तरंगतात. मग सिरिंजने ते २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडावे. थेंब पडताक्षणी कवच धरतो, मात्र गाभ्यापर्यंत कॅल्शियम पोहोचायला वेळ लागतो. म्हणून मणी रात्रभर द्रावणात ठेवून नंतर स्वच्छ धुवावेत.

माझ्या मते खरी कसोटी वाळवण्याची आहे. उघड्यावर वाळवलेला मणी पाणी उडताना आक्रसतो, त्याची रंध्रे मिटतात आणि तो टाचणीच्या डोक्याएवढा कडक खडा होऊन बसतो; गोठवून निर्वातात वाळवल्यास रंध्रे बऱ्याच अंशी शाबूत राहतात. तशी सोय नसेल तर मणी ओलेच वापरावेत, पण त्यांच्या वजनात बहुतांश पाणीच असल्याने मोजलेले थोडे मणी वेगळे वाळवून कोरडे वजन काढावे आणि त्या पाण्याने रंगद्रावण किती पातळ झाले, हेही हिशेबात धरावे.

चाचणीसाठी मिथिलीन ब्लू हा निळा रंग सोयीचा असून त्याची शोषकता (द्रावण किती प्रकाश शोषते ते) ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात आणि त्यावरून संहती, म्हणजे लिटरमागे रंग किती, ते काढतात. समजा, ५० मिलिलिटर द्रावणाची संहती ०.०५ ग्रॅम कोरड्या मण्यांमुळे लिटरला २० मिलिग्रॅमवरून ४ वर आली, तर ०.८ मिलिग्रॅम रंग शोषला गेला, म्हणजे ग्रॅममागे १६ मिलिग्रॅम. हा रंग काचेलाही चिकटतो. त्यामुळे मणी न घातलेले द्रावण सोबत ठेवल्याशिवाय या आकड्यावर विश्वास ठेवू नये. कोळशाविना केलेले मणीही तपासावेत, कारण ऋणभारित अल्जिनेट धनभारित मिथिलीन ब्लूला स्वतःही ओढून घेते.

मिथिल ऑरेंजसारख्या ऋणभारित रंगाला मात्र हेच अल्जिनेट दूर लोटते. तेथे कायटोसानचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा, धनभार धरणारा पदार्थ) आधार अधिक योग्य. तसेच फॉस्फेट किंवा सायट्रेट असलेल्या पाण्यात हे मणी वापरू नयेत: हे क्षार मण्यांतले कॅल्शियम ओढून घेतात, मणी फुगून विरघळतात आणि कोळसा पुन्हा पाण्यात पसरतो.