बायपासनंतर अंथरुणातून उठायचं कसं?

बायपास झालेला माणूस साधारण आठवड्याभरात घरी येतो. गोळ्यांची यादी फाइलमध्ये असते, पथ्याचा कागद मिळतो. अडतं ते पहिल्या सकाळी, अंथरुणातून उठताना. घरातलं कुणीतरी प्रेमाने हात पुढे करतं, "धरा, मी ओढतो." नेमकं हेच करू द्यायचं नाही.

हृदयापर्यंत पोचण्यासाठी सर्जन छातीचं मधलं हाड करवतीने उभं चिरतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी आवळून बांधतात. बहुधा सहा ते आठ तारा असतात आणि त्या कायम आतच राहतात. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, नीट मजबूत व्हायला तीन महिने. तोवर दोन्ही भाग जागच्या जागी ठेवायचं काम फक्त तारांचं. छातीचा मोठा स्नायू त्या हाडापासून थेट दंडाला जातो. एक हात ओढला की हाडाचा तो अर्धा भाग ओढला जातो, आणि हे दिवसातून दहा वेळा झालं तर तार हाडात रुतत जाते. मधुमेह, तंबाखू, जुना खोकला किंवा जास्त वजन असेल त्यांना हा धोका अधिक. बगलेत हात घालून उचलणं तर ओढण्याहून वाईट.

मग उठायचं कसं? उताणं झोपलेलं असताना आधी दोन्ही गुडघे वाकवा. हात छातीवर, उशी कवटाळून. आता खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर या. कंबर आधी आणि खांदा मागून असं झालं की छातीला पीळ बसतो. पलंगाच्या कडेशी आल्यावर पावलं खाली सोडा. पायांचं वजन खाली जाईल तसं धड आपोआप वर येतं. खालच्या बाजूचं कोपर अंगाला चिकटवून थोडा रेटा दिला तर चालतो, कोपर लांब टेकवून नाही. मदतीला असलेल्याने एक हात पाठीमागे खांद्याच्या फऱ्यावर आणि दुसरा गुडघ्यांमागे ठेवायचा. बाकी काही करायचं नाही.

बसल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते, आणि पडताना माणूस हात टेकतोच. उभं राहताना कडेला सरका, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, पुढे झुका आणि मांड्यांच्या जोरावर उठा. खुर्चीच्या हातांवर भार नको. जमिनीवरची गादी, खोल सोफा, भारतीय पद्धतीचा संडास हे सगळं दोन-तीन महिने बंद. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा.

याच्या उलट टोकाचा सल्लाही मिळतो: "हात अजिबात हलवू नका." तेही चुकीचं. खांदे आखडतात, मग त्या दुखण्याला माणूस हृदयाचं दुखणं समजून घाबरतो. केस विंचरा, शर्ट घाला, जेवा. कोपरं अंगाजवळ ठेवून केलेली हलकी कामं चालतात. दोन-अडीच किलोंहून जड काही नको. भरलेली बादली नको आणि नातवंडही नको.

खोकला दाबू नका. टाके तुटतील या भीतीने कफ आत राहिला तर न्यूमोनिया होतो. उशी किंवा घडी केलेली चादर छातीशी घट्ट धरा आणि खोका. श्वासाच्या व्यायामासाठी मिळालेल्या तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. जागेपणी दर तासाला दहा वेळा. दुखतंय म्हणून श्वास वरवर घेतला जात असेल तर डॉक्टरांनी लिहिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्या. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मात्र मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका, या काळात ती हृदयाला घातक ठरू शकतात.

बाकीचं सोपं आहे. चालणं घरातल्या पाच मिनिटांपासून, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. बायपाससाठी ज्या पायातली शीर काढली असेल, तो पाय बसल्यावर उंचावर ठेवा. जखमेवर हळद, तेल, पावडर काही नको. कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल. 'ताकदीसाठी' आलेले डिंकाचे लाडू पाहुण्यांनाच खायला घाला. दुचाकी तीन महिने नाही, नंतरही सर्जनला विचारूनच.

रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून पू किंवा पाणी, अनियमित धडधड, वळताना छातीत 'कट्ट' असा आवाज, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सर्जनला फोन. पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. धाप वाढत चालली किंवा छातीत दाब आला तर फोनही नको, थेट 108. आणि तो 'कट्ट' आवाज घरच्यांना ऐकवायला पुन्हा पुन्हा काढून दाखवू नका.