विंडोज १० सोडून लिनक्स मिंट वापरायला लागताना

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे केवळ सुरक्षा अपडेट मिळत नाहीत म्हणून चांगले चालणारे लॅपटॉप पडून राहू लागले आहेत. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. अशा यंत्रासाठी आणि नवख्या माणसासाठी तिची सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपची आवृत्ती आम्हाला सगळ्यात योग्य वाटते. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, म्हणजे हात नेहमीच्याच जागी जातो. ४ जीबी रॅमवर ती चालते, ८ जीबी असेल तर उत्तमच. यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी, न फिरणारी डिस्क) बसवून घ्या. वेगात जो फरक पडतो तो सगळ्यात जास्त एसएसडीमुळे.

विंडोज असतानाच करायची कामं

बहुतेकांची फसगत या टप्प्यावर घाई केल्याने होते. सगळ्यात आधी लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारख्या कामांसाठी) आणि फायरफॉक्स ब्राउझर विंडोजवरच बसवा आणि दोन-तीन आठवडे रोजची कामं त्यांच्यातच करा. हेच प्रोग्राम मिंटमध्ये तयार मिळतात. एकदा त्यांची सवय झाली की नंतर शिकायला फक्त ऑपरेटिंग सिस्टिम उरते, एका वेळी दोन गोष्टींशी झगडावं लागत नाही.

मग ज्यावाचून अडेल अशा गोष्टींची यादी करा. टॅली लिनक्ससाठी निघत नाही. तुमचा हिशेब त्यावरच असेल तर ते काम दुसऱ्या यंत्रावर ठेवा. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) मिळतो का, हे विक्रेत्याला आधीच विचारा. प्रिंटरचंही तसंच. एचपीचे बरेचसे प्रिंटर जोडताक्षणी ओळखले जातात, पण आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणाऱ्या कॅननच्या एलबीपी २९००ला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं नवख्यासाठी किचकट आहे.

मराठी वापरणाऱ्याने एक गोष्ट अजिबात विसरू नये. श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखाच वाचता येणारा, नसतो. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या फाइलीत निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. जुनं सॉफ्टवेअर हाताशी आहे तोवरच अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या, शिवाय प्रत्येकीची पीडीएफ काढून ठेवा.

शेवटी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मग मिंटमधून तिच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

पेनड्राइव्हवरून चालवून बघा

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल, उतरवा. ती सुमारे ३ जीबीची असते. रूफस या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. संगणक सुरू होताना बूट मेनू (कुठून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) उघडा. त्यासाठी डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, तर एचपीवर एस्केप आणि मग एफ९ दाबायचं. स्क्रीन काळीच राहिली तर पेनड्राइव्हच्या मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. काही ग्राफिक्स कार्डांवर याची गरज पडते.

आता काहीही न बसवता वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, लॅपटॉप मिटल्यावर झोपतो आणि उघडल्यावर जागा होतो का, हे तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. बऱ्याचदा योग्य ड्रायव्हर तिथेच सुचवला जातो. या अवस्थेत डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल संगणक बंद केला की जाते.

सगळं जमलं तरच डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉल चिन्हावर क्लिक करा. मल्टिमीडिया कोडेक्सच्या (गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या भागांच्या) चौकटीवर खूण करा, वेळेसाठी कोलकाता निवडा. डिस्क पुसण्याचा पर्याय आणि विंडोजशेजारी बसवण्याचा पर्याय वेगवेगळे आहेत, तिथे दोनदा वाचा. दोन्ही सिस्टिम ठेवल्या तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं. कारण मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये सिंक केलं की तेवढ्यापुरतं सुधारतं.

पहिल्या काही आठवड्यांत

विंडोजची खोलवर मुरलेली सवय म्हणजे गूगलवर शोधून सेटअप फाइल उतरवायची. ती इथे सोडा. प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, म्हणजे अपडेट मॅनेजर ते सिस्टिमसकट अद्ययावत ठेवतो. ईएक्सई फाइल इथे थेट चालत नाही.

सी आणि डी ड्राइव्ह शोधत बसू नका. तुमचं सगळं होम फोल्डरमध्ये असतं, आणि पेनड्राइव्ह फाइल्स खिडकीच्या डाव्या पट्टीत दिसतो. तो काढताना आधी इजेक्ट कराच. कॉपी संपल्याचं दिसलं तरी मजकूर अजून मेमरीतून पेनड्राइव्हवर लिहिला जात असू शकतो, आणि घाईने ओढल्यावर अर्ध्या फाइली मिळतात त्या यामुळेच. फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी मानली जातात, तेव्हा एकच नाव दोनदा दिसलं तर ती दोन वेगळ्या फाइली आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरांऐवजी तारका उमटतात. टाइप करून एंटर दाबा.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या लेआउट सेटिंगमध्ये मराठी जोडलं की झालं. रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्यांनी इनपुट मेथड उघडून आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम) घ्यावं आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबसचं एम१७एन पॅकेज बसवावं. त्यात मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक आणि गमभन असे पर्याय मिळतात. बसवल्यावर एकदा लॉग आउट करून पुन्हा आत या, नाहीतर यादीत ते दिसतच नाहीत.

टाइमशिफ्ट हा सिस्टिमची स्थिती जपून ठेवणारा प्रोग्राम पहिल्याच दिवशी चालू करा. एखाद्या अपडेटने बिघाड झाला तर तो सिस्टिमला मागच्या स्थितीत नेतो. तुमची कागदपत्रं आणि फोटो मात्र तो मूळ सेटिंगमध्ये जपत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

मेनू मराठीत करता येतात, पण सुरुवातीचे काही महिने ते इंग्रजीत ठेवा. एरर आली की तिचं वाक्य जसंच्या तसं कॉपी करून शोधा आणि सोबत मिंटच्या आवृत्तीचा आकडा जोडा. उपाय बहुतेक इंग्रजी वाक्यांखालीच सापडतात, आणि दुसऱ्या आवृत्तीचा उपाय तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही.