सगळंच धूसर करू नका: बालपणीच्या आठवणींसारखे फोटो काढताना या चुका टाळा

आजोळच्या माजघराचे 'आठवणीत दिसतं तसे' फोटो काढायचे म्हणून पहिल्यांदा कॅमेरा काढला, तेव्हा मी फोकसची रिंग उलट्या टोकाला फिरवली आणि तीस-चाळीस फोटो काढले. स्क्रीनवर पाहिलं तर माजघराचा पत्ता नव्हता, तपकिरी आणि राखाडी डाग होते नुसते. मामीला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "थांब, चष्मा आणते."

सगळ्यात मोठी चूक हीच. आठवण सगळीकडून सारखी पुसट नसते. त्या घरात मी ज्या पाटावर जेवायला बसायचो त्यावरची पितळेची पाच फुलं मला आजही लख्ख दिसतात. शेजारी कोण बसलेलं असायचं ते काही केल्या आठवत नाही. फोटोतही तसंच हवं. एखादी वस्तू, एखादी कड, एखादा हात स्पष्ट आणि बाकीचं विरघळलेलं. ती एक गोष्ट कॅमेरा उचलायच्या आधी ठरवा, निम्म्या चुका तिथेच टळतात.

फोकस चुकणं वेगळं आणि फोटो मऊ असणं वेगळं. जुन्या सॉफ्ट फोकस लेन्समध्ये प्रतिमा फोकसमध्येच असते, फक्त तिच्यावर उजेडाची साय चढलेली असते. कड शाबूत, भोवती वलय. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ सालचा, कोलकात्यातला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना त्यांच्या हातात कॅमेरा आला. त्यांच्या मऊ फोटोंना त्या काळच्या जाणकारांनी 'फोकस जमत नाही' म्हणून नावं ठेवली. पण त्यांनी काढलेले मुलांचे चेहरे पाहा, धूसर असूनही चेहरा कुठे हरवत नाही.

व्हॅसलिन थेट लेन्सवर

हे अजूनही लोक करतात! लेन्सवरच्या कोटिंगमधून ते नीट निघत नाही आणि कडेच्या फटीत गेलं तर राहिलंच. त्यासाठी एक स्वस्तातला युव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची साधी पारदर्शक काच, बाजूला ठेवा. व्हॅसलिन अगदी पातळ, फक्त कडेकडेनं लावा आणि मध्ये रुपयाच्या नाण्याएवढी जागा कोरडी सोडा. बोट ज्या दिशेनं फिरवाल, उजेडाचे फटकारे त्याच्या काटकोनात पसरतात. म्हणजे खिडकीचा उजेड खाली ओघळल्यासारखा हवा असेल तर बोट आडवं फिरवायचं. काम झालं की फिल्टर आधी टिश्यूनं पुसून मग भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा.

"व्ह्यूफाइंडरमध्ये सुंदर धुकं दिसत होतं, फोटोत गेलं कुठे?" हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर अ‍ॅपर्चरमध्ये, म्हणजे लेन्समधल्या उजेड येण्याच्या छिद्रात आहे. एफचा आकडा मोठा, तेवढं ते लहान. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्ही लेन्स पूर्ण उघडी असताना बघत असता. फोटो एफ ११ ला काढलात तर उजेड लेन्सच्या मधल्या छोट्या भागातूनच येतो, आणि ती जागा तर तुम्ही कोरडी सोडलेली असते. एफ २ ते एफ ४ च्या आसपास राहा.

व्हॅसलिनचा चिकटपणा नको असेल तर बायकांचे नायलॉनचे पातळ मोजे घ्या. लेन्सवर ताणून रबरबँड लावायचा. अंगाच्या रंगाचा किंवा पांढरा मोजा उजेड पसरवतो आणि सावल्याही फिकट करतो. काळ्या मोज्यात सावल्यांचा गडदपणा बराचसा टिकतो, म्हणून माझ्या पिशवीत काळाच असतो. मध्ये स्पष्ट जागा हवी तर उदबत्तीच्या टोकानं भोक पाडा. मोजा लेन्सवर असताना नव्हे, हे सांगावं लागू नये, पण सांगतो.

मोबाइलवाल्यांची अडचण वेगळीच. आपण धूसर करायला जातो आणि फोन स्वतःच्या हुशारीनं सावल्या उजळतो, कडा धारदार करतो. एचडीआर (उजेड-सावली आपोआप सारखी करणारी सोय) बंद करता येत असेल तर करा, प्रो मोड असेल तर त्यात काढा, आणि लेन्ससमोर कॅरीबॅगचा पारदर्शक तुकडा थोडा चुरगळून, एका बाजूनंच धरा.

धुकं नाही, नुसता पांढरा फोटो

धुकं दिसायला त्याच्यामागे अंधार लागतो. उघड्या दारासमोर किंवा चुन्याच्या भिंतीपुढे कितीही धूसर करा, फोटो फक्त फिका पडतो. चुलीचा धूर आठवा. अंगणात तो दिसेनासा होतो. काळवंडलेल्या स्वयंपाकघरात कौलातून आलेल्या उजेडाच्या तिरिपेत मात्र त्याची वेटोळीसुद्धा मोजता येतात. म्हणून उजेड बाजूनं किंवा मागून घ्या, चौकटीत गडद कोपरा ठेवा आणि एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. जळून पांढरी झालेली जागा नंतर काही केल्या परत येत नाही.

दुहेरी एक्स्पोजरमध्येही हेच होतं, कारण तिथे उजेडाची बेरीज होत असते. दोन फोटो एकावर एक घ्यायचे तर प्रत्येक एक स्टॉप कमी, चार घ्यायचे तर प्रत्येकी दोन स्टॉप कमी. काही कॅमेरे हा हिशेब आपोआप करतात, तेव्हा आधी मेनू बघा. आणि दुसऱ्या फोटोतली गोष्ट पहिल्या फोटोतल्या अंधारात बसवा. आजीच्या लुगड्याच्या गडद घड्यांवर अंगणातला पारिजात छान उमटतो, आकाशावर उमटत नाही.

पिनहोलमधून काहीच नीट येत नाही

कौलांच्या फटीतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल का असतात? फट तर वेडीवाकडी असते. तो गोल असतो सूर्य. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचा छोटा फोटो, आणि खंडग्रास ग्रहणात ते सगळे चंद्रकोरीसारखे होतात. पिनहोल कॅमेरा म्हणजे लेन्सच्या जागी नुसतं बारीक भोक असलेला कॅमेरा. दुपारी सक्तीनं झोपवलेल्या प्रत्येक मुलानं तो आतून पाहिलेला आहे. म्हणून या विषयासाठी मला तो सगळ्यात जवळचा वाटतो.

चूक भोकात होते. पुठ्ठ्याला टाचणीनं पाडलेलं भोक फार मोठं आणि खरबरीत असतं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापा, सुईच्या टोकानं हलका दाब द्या, मागून आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा टोक लावा. भोकापासून सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग, ५० मिलिमीटरवर असेल तर ०.३ मिलिमीटरच्या आसपासचं भोक योग्य. त्याहून फार लहान केलंत तर उजेड वळून उलट अस्पष्टता वाढते. हे साधारण एफ १६० होतं. म्हणजे आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० ला कडक उन्हात एक सेकंद, पडवीच्या सावलीत आठ-दहा. ट्रायपॉड हवाच, नाहीतर पाट-डबा काहीही चालेल. फोटोत काळे ठिपके दिसले तर भोकाला दोष देऊ नका. एवढ्या छोट्या छिद्रातून सेन्सरवरची धूळ रेखीव उमटते.

लेन्स बॉडीपासून सुटी धरून काढायचे फोटोही मोहक येतात, पण पावसाळ्यात आणि मातीच्या अंगणात ते करू नका. एवढंच.

आजोबांचा कॅमेरा

कपाटातून आग्फा क्लिक थ्री हा जुना फिल्मचा कॅमेरा निघाला की लोक भारावतात आणि सोबत सापडलेली जुनी फिल्मही त्यातच घालतात. मुदत संपलेल्या रंगीत निगेटिव्हला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त उजेड द्यावा असा ठोकताळा आहे, पण तो थंड जागी ठेवलेल्या फिल्मसाठी. माळ्यावर उन्हाळे काढलेल्या फिल्मचा भरवसा नाही. नवीन १२० रोल (रुंद फिल्मचा) घाला. बारा चौकोनी फोटो मिळतील. फोटोचा आकडा दाखवणाऱ्या मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा आणि फिल्म पुढे सरकवताना सावलीत उभं राहून तेवढ्यापुरती उचला. आजच्या वेगवान फिल्मवर तिथून आलेला उजेड डाग पाडतो. उजेडाचे डाग हवेच असतील तर गोष्ट वेगळी, पण मग ते मुद्दाम पाडा.

रंग

ज्यांचं बालपण १९७० नंतरचं, त्यांनी सेपियाच्या वाटेला जाऊ नये. तपकिरी छटा आजोबांच्या लग्नाच्या फोटोची, तुमच्या बारशाची नाही. त्या काळचे रंगीत प्रिंट अल्बमच्या अंधारात राहून लालसर झाले, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग आधी उडाला. फिल्टर निवडण्याआधी घरचा अल्बम उघडा आणि त्यातली एखादी सावली कुठल्या रंगाची झालीये ते पाहा. तोच तुमचा रंग.

उंचीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण मीटरभर. उभं राहून काढलेला फोटो कितीही धूसर करा, तो मोठ्या माणसाचाच राहतो. खाली बसा. ओट्याची खालची कड, टेबलाखालचा अंधार, मोठ्यांचे गुडघे दिसायला लागतील.

गेल्या दिवाळीत मी माजघरात तसाच बसलो. काळा मोजा, एफ २.८, फोकस पाटावर, बाकी सगळं कवडशांच्या धुरात. फोटो मामीला दाखवला. या वेळी तिनं चष्मा मागितला नाही. पाटावर फुलं चारच होती, पाचव्याच्या जागी नुसता खळगा.

"ते तूच उचकटलंस," ती म्हणाली. "चमच्यानं."