गुरू नुसताच पांढरा गोळा दिसतोय? दुर्बीण बदलण्याआधी या चुका टाळा

नवी दुर्बीण घेतलेल्यांची ठरलेली तक्रार म्हणजे "गुरू सापडतो, पण त्यावरचे ढगांचे पट्टे दिसत नाहीत, सगळं थरथरतं." मग दुर्बीण माळ्यावर जाते. बहुतेक वेळा तिचा काही दोष नसतो.

खरी गडबड गच्चीवर असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि ती गरम हवा थेट दुर्बिणीच्या तोंडासमोरून वर जाते. घरातून आणलेली नळीही आतून कोमट असते. म्हणून दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा, मोठ्या आरशाची असेल तर तासभर. शेजारच्या छपरावरून नुकताच वर आलेला ग्रह बघू नका, तो निदान ३०-४० अंश वर येऊ द्या. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मिथुन राशीतला गुरू इथे जवळजवळ डोक्यावरून जातो. ही संधी सोडू नये.

गुरूसाठी काळोख हवा म्हणून अंजनेरी-त्र्यंबककडे गाडी काढायचीही गरज नाही. तेजोमेघ (अवकाशातले वायूचे ढग) आणि दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) बघायला अंधार लागतोच. गुरू-शनी मात्र शहरातल्या कॉलेज रोडच्या गच्चीवरूनही तितकेच छान दिसतात, कारण ते तेजस्वी आहेत आणि त्यांना हवी असते स्थिर हवा. कडाक्याच्या थंडीत आकाश काचेसारखं स्वच्छ असलं तरी तारे जोरात लुकलुकत असतील, तर त्या रात्री मॅग्निफिकेशन कमीच ठेवा. वारा पडलेल्या, किंचित धुरकट रात्री शनी कितीतरी रेखीव दिसतो.

खोक्यावरचा "५२५ पट" हा आकडा विसरा. ६० मिमीच्या भिंगाला १२० पटीच्या पुढे तपशील वाढत नाही, नुसता अंधूकपणा वाढतो. ७०० मिमी नाभीय अंतराच्या (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) दुर्बिणीला २० मिमीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावला की ३५ पट मिळतात. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांना तेवढे पुरतात. पट्ट्यांसाठी १० मिमीचा, म्हणजे ७० पट. तोही लावून दहा-पंधरा मिनिटं शांतपणे बघत राहा. हवा क्षणभर थांबते तेव्हाच दोन ठळक पट्टे उमटतात.

चंद्र तीनच दिसले तर घाबरू नका. चौथा गुरूच्या मागे, पुढे किंवा सावलीत असतो. त्यांतला आयो तर साडेबेचाळीस तासांत प्रदक्षिणा पूर्ण करतो, त्यामुळे तो गुरूच्या कडेजवळ असताना तासाभरातली सरकही कळते. स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या ॲपशी जुळत नसेल तर आधी दिशा तपासा: न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत, चित्र पूर्ण उलटं असतं, डायगोनल (आयपीसआधीचा तिरका आरसा) लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं.

शनीची कडी बारीक दिसली तर फोकसला दोष देऊ नका. मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला अगदी कडेने दिसत होती, आता २०३२ पर्यंत रुंदावत जातील. शनीशेजारचा "तारा" मात्र रोज टिपून ठेवा. सुमारे १६ दिवसांत तो शनीभोवती फेरी मारून आला, तर तो टायटन, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र.