किल्ली कुणाकडे असते? लहान स्मारकं आणि जुने वाडे बघायला जाताना

रायगड किंवा अजिंठा बघायला कुणाच्या सल्ल्याची गरज नसते. तिकीटखिडकी असते, पाट्या असतात, गर्दीच्या मागे चालत राहिलं तरी माणूस पोचतो. पंचाईत होते ती लहान ठिकाणांची. एखाद्या समाजसुधारकाचं जन्मघर, कवीचं स्मारक, नाहीतर सरदाराचा अर्धा उभा असलेला वाडा. यांच्याबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक वेळा तिथे कधीच न गेलेल्या माणसाचं असतं. 'एका दिवसात सात ठिकाणं', 'सकाळी लवकर निघा', 'पाण्याची बाटली विसरू नका'. बाटली तुम्ही घ्यालच हो. दाराला कुलूप असलं तर काय करायचं, ते सांगा की! सहल पदरात पडणार की फुकट जाणार, हे त्या कुलपापाशी ठरतं.

ठिकाणं निवडताना

दिवसाला दोन, फार तर तीन. त्यातलं एक हमखास उघडं असणारं असावं आणि बाकीची त्याच्या वाटेवरची. रत्नागिरीत थिबा राजवाडा आणि टिळकांचं जन्मस्थान एकाच शहरात आहेत. गणपतीपुळ्याला जाणारच असाल तर केशवसुतांचं मालगुंड तिथून हाकेच्या अंतरावर. मुंबईहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पनवेल सोडल्यावर वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण आणि पुढे पेण तालुक्यात विनोबांचं गागोदे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात तर आधी सावित्रीबाईंचं नायगाव, मग वाईजवळची मेणवली.

नकाशात गावाबरोबर तालुका टाकायला विसरू नका. नायगाव वसईजवळही आहे आणि दादरजवळही. तुम्हाला हवं ते सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात, शिरवळच्या बाजूला. हा खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचा नव्हे. राजगुरूंचा वाडा ज्या खेडात आहे ते पुणे जिल्ह्यातलं, आताचं राजगुरुनगर. नुसतं 'खेड' टाकलंत तर थेट कोकणात उतराल. महर्षी कर्व्यांचं मुरुड दापोली तालुक्यातलं, त्याचा जंजिऱ्याशी संबंध नाही.

किल्ली

आता मुख्य मुद्दा. मला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते याच गोष्टीने, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

नकाशावर 'आत्ता उघडं' असं हिरव्या अक्षरांत दिसतं, त्यावर काडीचाही विश्वास ठेवू नका. ती वेळ कुणीतरी कधीतरी भरलेली असते. लहान ठिकाण वेळेवर उघडत नाही, माणसावर उघडतं. तो माणूस शेतात असेल, तालुक्याला गेला असेल, त्याच्या घरी लग्न असेल, तर फलकावर '१० ते ५' रंगवलेलं असूनही दार बंदच. म्हणून आपला दिवस त्या माणसाच्या दिवसाभोवती आखायचा.

तो माणूस कोण, हे ठिकाण कुणाच्या ताब्यात आहे त्यावर अवलंबून असतं. सरकारी पुरातत्त्व खात्याकडे असेल तर पगारी पहारेकरी असतो. टिळकांचं जन्मस्थान या प्रकारातलं. इथे वार महत्त्वाचा. सरकारी संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी बऱ्याच ठिकाणी सोमवारी असते आणि जोडून सुट्टी काढून निघालेल्या मंडळींचा सोमवार नेमका तिथेच आपटतो. संस्थेकडे असेल तर तिचं कार्यालय, वाचनालय किंवा कार्यवाह गाठायचा. मालगुंडचं स्मारक कोकण मराठी साहित्य परिषद चालवते. तिसरा प्रकार कुटुंबाच्या मालकीचा. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, सावंतवाडीचा राजवाडा हे त्यातले. तिथे तुम्ही कुणाच्या तरी घरी जात असता, हे डोक्यात पक्कं हवं. चौथा प्रकार ग्रामपंचायतीच्या ताब्यातला, आणि तो सगळ्यात अवघड. तिथे किल्ली शिपायाकडे, शाळेत, देवळाच्या पुजाऱ्याकडे किंवा समोरच्या किराणा दुकानात, कुठेही असू शकते.

हे घरबसल्या कळतं. लोकांनी टाकलेले फोटो उघडा आणि वाड्याचे सोडून फलकाचे शोधा. मोठे करून तळाची ओळ वाचा. खातं, संस्था, ट्रस्ट, जे काही असेल ते तिथे लिहिलेलं असतं. कधीकधी भिंतीवर रंगाने मोबाइल नंबरही लिहिलेला सापडतो. नंबर नसेल तर गावातल्या एखाद्या खाणावळीचा किंवा घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांचा नंबर काढून तिथे विचारा. त्यांना गावातलं सगळं माहीत असतं.

विचारायचं कसं, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. 'स्मारक उघडं असतं का?' असं विचारू नका. या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर मिळतं, 'हो, असतंय की, या बिनधास्त.' सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते, पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर येतं एवढंच. 'किल्ली कुणाकडे असते?' असं विचारा. याचं उत्तर नावानेच द्यावं लागतं. फोन आदल्या संध्याकाळी करायचा, सातच्या सुमारास, माणूस घरी आलेला असतो आणि जेवायला बसलेला नसतो. माझा फोन साधारण असा होतो:

"नमस्कार काका, पुण्याहून बोलतेय. वाड्याची किल्ली तुमच्याकडे असते ना?"

"असते. पण उद्या मी तालुक्याला चाललोय."

"परत कधी येणार?"

"चारपर्यंत. नाहीतर असं करतो, किल्ली सूनबाईकडे ठेवतो. किती माणसं आहात?"

"चौघं. साडेचारला येतो. फाट्यावर पोचलो की फोन करते. सूनबाईंचा नंबर देता का?"

तो शेवटचा नंबर सोडायचा नाही. बोलणं तालुक्याला गेलेल्या माणसाशी झालेलं असतं आणि दारात उभी असते सूनबाई, जिला कुणी काही सांगितलेलं नसतं. 'किती माणसं' याचं उत्तरही खरं द्या. चौघं सांगून बस भरून गेलात तर जुन्या माडीच्या फळ्यांची त्याला धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. वेळ दिलीत तर पाळा. उशीर होतोय असं दिसलं की लगेच कळवा. तुमच्यासाठी तो मळ्यातून येऊन बसलेला असतो.

दुपारी एक ते तीन फोनही नको आणि दार वाजवणंही नको. कोकणात गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस टाळा. चाकरमानी आलेले असतात, घरं माणसांनी भरलेली असतात, पालखी दारोदार फिरत असते आणि किल्लीवाला त्या पालखीबरोबर असतो.

जयंतीच्या दिवशी जावं का? ३ जानेवारीला नायगाव आणि १२ जानेवारीला जिजाऊंचं सिंदखेडराजा माणसांनी ओसंडून वाहतात. अभिवादनाला जायचं असेल तर जरूर जा, पण घर बघायला त्या दिवशी जाऊ नका. मांडव, भाषणं आणि रांग यांत जोतं कुठलं आणि चौक कुठला हे कळत नाही. मी जयंतीच्या दोन-तीन दिवस आधी जाणं पसंत करते. झाडलोट चालू असते, एरवी बंद असलेल्या खोल्या उघडलेल्या असतात आणि काम करणारी मंडळी बोलायच्या मूडमध्ये असतात.

एवढं करूनही कुलूप दिसलंच तर गाडी वळवू नका. शेजारच्या ओट्यावर आजी बसलेल्या असतील, त्यांना विचारा. दुचाकीवरच्या पोरांना विचारून उपयोग नाही, ती 'बंदच असतं ते' म्हणून मोकळी होतात. आजींना किल्ली कुठे आहे, किल्लीवाला कुठे आहे आणि तो केव्हा येईल हे तिन्ही माहीत असतं, आणि त्या नातवाला पिटाळतातही. निरोप येतो, 'पाच मिनिटांत येतो म्हणाले.' म्हणजे अर्धा तास धरा. तेवढ्यात घराला बाहेरून चक्कर मारा, परसात जा. कुंपण ओलांडणं, खिडकीतून फोन आत घालून फोटो काढणं हे प्रकार करू नका. अशा एका उद्योगी पाहुण्यानंतर एका जन्मघराचं मागचं दार कायमचं खिळे ठोकून बंद केलेलं मी पाहिलं आहे. आता तिथली विहीर कुणालाच बघता येत नाही.

आत गेल्यावर

चपला बाहेर. फोटो विचारून.

तसबिरी आणि हार घातलेला अर्धपुतळा आधी बघू नका, ते सगळीकडे सारखेच असतात. घर बघा. ओसरी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली अशा क्रमाने आत जा आणि उजेड कसा कमी होत जातो ते पाहा. थोर माणूस जन्मला ती खोली बहुधा घरातली सगळ्यात अंधारी असते. एकच झरोका, तोही वर. जमीन सारवलेली आहे की फरशी घातली आहे, भिंतीत बळद (धान्य साठवायची पोकळी) किंवा कोनाडे आहेत का, दाराला अडसर सरकवायची भोकं आहेत का, हे बघितलं की घरात कुणाला कशाची भीती होती आणि काय साठवलं जात होतं याचा अंदाज येतो.

मग मान वर करून छपराकडे बघा. चपटी, खाचेची मंगलोरी कौलं दिसली तर ते छप्पर मूळचं असेलच असं नाही. ही कौलं बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५च्या सुमारास मंगळूरला कारखाना काढल्यावर पसरली. त्याआधी असायची ती हाताने केलेली अर्धगोल नळीची कौलं, नाहीतर गवत. वासुदेव बळवंत १८४५चे, टिळक १८५६चे. त्यांच्या जन्माच्या वेळी घरावर मंगलोरी कौल असणं शक्यच नाही. परसात फुटक्या कौलांचा ढीग असतो, त्यातलं एक उलटून पाहा. पुष्कळदा कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. दुरुस्ती झाली हे वाईट नव्हे, दुरुस्तीवाचून कोकणातल्या पावसात घर टिकत नाही. पण 'सगळं जसंच्या तसं आहे' असं कुणी सांगितलं तर कौलं आठवा.

सांगणाऱ्याच्या सनावळीकडेही असंच कान देऊन ऐका. थिबा राजवाड्यात हमखास ऐकू येतं की ब्रह्मदेशचा राजा इथे तीस वर्षं कैदेत राहिला. थिबा रत्नागिरीत १८८६ ते १९१६ होता हे खरं, पण हा राजवाडा तयार झाला १९१०मध्ये. म्हणजे समोरच्या दालनांत त्याची शेवटची सहाएक वर्षंच गेली, आधीची सगळी दुसऱ्या बंगल्यांत. हे कळल्यावर वास्तूकडे बघायची नजर बदलते. मात्र सांगणाऱ्याला चारचौघांत खोडू नका. 'राजवाडा बांधून कधी झाला हो?' एवढं विचारा, तो स्वतःच हिशोब करतो.

मेणवलीला वाडा बघून लगेच परत फिरू नका. मागे कृष्णेचा घाट आहे आणि घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा आहे. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली. जवळ जाऊन बघितलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ साली, त्या लढाईचा एवढा जड पुरावा हाताला लागेल असा दुसरीकडे क्वचितच सापडतो.

पैसे आणि वही

तिकीट असेल तर प्रश्न नाही. संस्थेचं ठिकाण असेल तर देणगी पेटीत टाका किंवा पावती मागा. पावती मागितल्याने कुणाला राग येत नाही. दार उघडणाऱ्याला दारातच नोट काढून दाखवू नका, अवघडल्यासारखं होतं. निघताना 'मुलांना खाऊ' म्हणून द्या, आणि नको म्हणाले तर आग्रह धरू नका. कुटुंबाच्या वाड्यात चहा विचारला तर घ्या, कारण वाड्याच्या खऱ्या गोष्टी चहा येईपर्यंत सुरूच होत नाहीत.

अभिप्राय वहीत 'खूप छान, प्रेरणादायी' लिहून काही होत नाही. तारीख, किती माणसं आलात, कुठून, आणि काय दुरुस्त व्हायला हवं ते नेमकं लिहा: 'माजघराच्या वायव्य कोपऱ्यात छत गळतं', 'फलकावरचा नंबर लागत नाही'. अनुदान मागायला जाताना संस्थेची मंडळी ही वही सोबत नेतात.

किल्लीवाल्याचा नंबर त्याच्या नावाने साठवू नका, वर्षभराने ते नाव कुणाचं हे आठवत नाही. 'किल्ली – नायगाव' असा साठवा, आणि सूनबाईंचा त्याच्याखाली.